ईली, उत्तर मिनेसोटा : तळ्यांवर जाताना गावात थांबा

शागावाकाठी

मे महिना आला की मिनियापोलिस-शिकागोकडच्या आपल्या मंडळींचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू होतात. 'बाउंड्री वॉटर्सला, म्हणजे तिथल्या तळ्यांच्या राखीव रानात, यायचंय, कनू (वल्हवायची हलकी होडी) कुठे मिळेल, डास किती, मुलांना जमेल का?' प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकच धागा काढावा म्हटलं. प्रश्न बिनधास्त विचारा. मला माहीत असेल ते सांगेन, बाकीचे जाणकार भर घालतीलच.

पण आधी माझं एक म्हणणं. बहुतेक लोक ईलीत रात्री पोचतात, पहाटे भाड्याची कनू टपावर बांधतात आणि थेट तळं गाठतात. परतताना पेट्रोल भरलं की निघाले. गाव बघायचं राहूनच जातं. ज्या रानात आपण चार दिवस शांत बसून येतो, ते आपोआप वाचलेलं नाही. ते राखताना इथल्या कितीतरी घरांची रोजीरोटी गेली, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. मी फार्मसीच्या काउंटरवर असते, आणि औषधं न्यायला आलेली जुनी माणसं अजूनही त्या दिवसांवर बोलतात. म्हणून सांगते, एक दिवस गावासाठी ठेवाच.

ईली कॅनडाच्या सीमेजवळ आहे. मिनियापोलिसहून गाडीने चार-साडेचार तास. २०२० च्या जनगणनेत वस्ती ३,२६८. उत्तरेला शागावा तळं, मधून शेरिडन स्ट्रीट, बाकी चहूकडे पाइन, स्प्रूस, बर्च.

हा मुळात ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा मुलूख. १८५४ च्या करारात जमीन अमेरिकेच्या सरकारकडे गेली, पण शिकारीचे, मासेमारीचे आणि जंगली तांदूळ गोळा करण्याचे हक्क त्यांनी सोडले नाहीत. ते आजही शाबूत आहेत. ऑगस्टच्या शेवटी उथळ तळ्यांत हा तांदूळ तयार होतो. कनूत दोघं बसतात. एक जण लांब बांबूने कनू पुढे रेटतो, दुसरा दोन हलक्या काठ्या घेतो. एका काठीने रोपं कनूवर वाकवायची, दुसरीने हळूच झोडपायचं. पिकलेला दाणा कनूत पडतो, कच्चा रोपालाच राहतो आणि काही पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी काठावरून हललेच नाही.

मग आली खाण. इथून वीसेक मैलांवरच्या सूदान नावाच्या गावातून १८८४ साली लोहखनिजाची पहिली आगगाडी सुपीरियर सरोवरावरच्या टू हार्बर्स बंदराला गेली. १८८८ साली रूळ ईलीपर्यंत पोचले आणि चँडलर खाण सुरू झाली. मागोमाग पायोनियर, झेनिथ, सिब्ली, सव्हॉय. माल उत्तम प्रतीचा, घट्ट हेमॅटाइट. फिनलंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, कॉर्नवॉल, इटली, स्वीडन, जिथून मिळतील तिथून माणसं आली. १९३० च्या सुमारास वस्ती सहा हजारांवर होती, म्हणजे आजच्या जवळजवळ दुप्पट. १९६७ मध्ये पायोनियर बंद पडली, ती ईलीतली शेवटची खाण. जमिनीखालचे बोगदे खचून जो खड्डा झाला त्यात पाणी भरलं. तेच आजचं माइनर्स लेक. त्याच्या भोवतीने ट्रेझोना ट्रेल जातो, साधारण चार मैल, डांबरी, सायकलला झकास. पायोनियरचा लोखंडी मनोराही उभा आहे, शेजारच्या इमारतीत संग्रहालय आहे.

आता रानाबद्दल. संरक्षण एका कायद्याने झालेलं नाही. १९२६ साली या भागात रस्ते नकोत असं पहिल्यांदा ठरलं. १९४८ च्या कायद्याने आतली खाजगी रिसॉर्टं सरकारने विकत घ्यायला सुरुवात केली. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या जंगलावरून ४,००० फुटांखाली विमानं उडवायला बंदी केली, आणि विमानाने पाहुणे आणणारी रिसॉर्टं बसली. १९६४ चा रानं राखण्याचा वाइल्डरनेस कायदा आला, पण त्यात या भागासाठी मोटरबोटी आणि लाकूडतोडीला सवलत होती. ती सवलत काढायची की नाही, यावर सगळं पेटलं.

१९७७ च्या जुलैत अमेरिकी संसदेच्या समितीची सुनावणी ईलीतच झाली. सिगर्ड ओल्सन साक्ष द्यायला आले. १९२३ पासून गावात राहणारे, इथल्या शाळा-कॉलेजात शिकवलेले, रानाच्या बाजूने आयुष्यभर लिहिलेले. वय ७८. बाहेर त्यांचा पुतळा फासावर टांगला होता. आत हुर्यो चालली होती. तरी ते बोलले. १९७८ साली कायदा झाला. खाणी आणि लाकूडतोड बंद, मोटरबोटी साधारण पाव पाण्यापुरत्या उरल्या. खाण जाऊन जेमतेम दहा वर्षं झालेल्या गावाला हे किती लागलं असेल बघा. ओल्सन गाव सोडून गेले नाहीत. १९८२ च्या जानेवारीत घराजवळ बर्फावर चालायचे स्नोशूज घालून चालतानाच त्यांना मृत्यू आला.

त्या काळात विरोधात असलेल्या एका आजोबांना मी ओळखते. वडिलांचं रिसॉर्ट गेलं होतं. आज ते नातवाला घेऊन त्याच तळ्यावर वल्हवत जातात. पण सरकारबद्दल बोलायला लागले की आवाज चढतोच, आणि मला तो राग खरा वाटतो.

चकली

वा! वाचनखूण साठवली आहे. शिकागोत इतकी वर्षं राहून ईली म्हणजे कनू भाड्याने देणारं गाव एवढंच माहीत होतं.

आम्ही दोघं आणि मुलगा-मुलगी (१० आणि ७), पूर्ण शाकाहारी. कधी यावं? परवाना लागतो का? खायचं काय?

शागावाकाठी

चकली, मुलं आहेत तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला आठवडा धरा. मेच्या मध्यापासून जूनभर काळ्या माश्या असतात, त्या कानामागे, केसांच्या कडेला चावतात आणि रक्त काढतात. जून-जुलैत डास. ऑगस्टअखेर दोन्ही बरेच कमी होतात, पाणी पोहण्याजोगं असतं. गोचिडी मात्र असतात, रोज रात्री मुलांचे पाय, काखा, मान तपासा.

१ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामाला परवाना लागतो आणि प्रत्येक प्रवेशठिकाणाला रोजचा कोटा असतो. आरक्षण जानेवारीअखेर सुरू होतं, चांगल्या जागा पटकन जातात. एका परवान्यावर जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. परवाना आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी घेता येतो.

तुमच्यासाठी लेक वन सुचवेन. फर्नबर्ग रोड संपतो तिथेच आहे. तिथून लेक टूला जायला दोन छोट्या पोर्टेज (कनू उचलून चालत जायची दोन तळ्यांमधली वाट), पुढे लेक थ्रीला पोर्टेजच नाही. २०११ च्या पगामी क्रीक वणव्यात हा भाग जळाला होता, एकूण ९२,००० एकरांवर. आता तिथे जॅक पाइनचं दाट कोवळं रान उभं आहे. जॅक पाइनची शंकूफळं आगीच्या धगीने उघडतात, मगच बी पडतं. मुलांना दाखवा.

जेवणाचं सोपं आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, कोरडी पिठल्याची तयारी, गूळपोळी. एकच लक्षात ठेवा, आत डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. लोणचं-तूप घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरा. रात्री सगळं अन्न, टूथपेस्टसुद्धा, अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात किंवा झाडावर उंच टांगून. तंबूत बिस्किटाचा तुकडाही नको. मुक्कामाच्या प्रत्येक जागी चुलीची लोखंडी जाळी आणि मागे झाडीत उघडा संडास असतो. पाणी चहासारखं तपकिरी दिसेल. दलदलीतल्या पाल्यापाचोळ्याचा रंग आहे तो, घाण नाही, पण गाळून किंवा उकळूनच प्या.

अश्मक

उत्तम धागा. थोडी दगडांची भर घालतो.

ईली गावातच ग्रीनस्टोनचे उघडे खडक आहेत. समुद्राखाली ज्वालामुखीचा लाव्हा बाहेर आला, पाण्यात पटकन थिजला आणि त्याचे उशीसारखे गोळे एकमेकांवर बसले. आज त्यांच्या कडा खडकात स्पष्ट दिसतात. वय सुमारे २७० कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्टही लाव्हाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे अगदी कालचा. मी तिथे गुडघ्यावर बसून तासभर हात फिरवत होतो. तळी मात्र तरुण आहेत. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी खडक खरवडून खोलगट जागा केल्या आणि बर्फ वितळल्यावर त्या भरल्या. खडकांवर लांबच लांब समांतर ओरखडे दिसले तर ते त्या बर्फाचे.

नॉर्थ हेगमन तळ्यावर उभ्या कड्यावर लाल रंगातली चित्रं आहेत: माणूस, मूस (मोठं हरीण), कनू. एका दिवसात जाऊन येता येतं. कृपया हात लावू नका, पाणीही शिंपडू नका.

भटक्या_सातारा

मी गेल्या हिवाळ्यात रॉचेस्टरला आलो. सह्याद्रीत चालायची सवय आहे, पोहता येतं, पण कनू कधी डोक्यावर घेतलेली नाही. पोर्टेज म्हणजे नक्की काय करायचं? वजन किती?

डुलुथकर

भटक्या, घाबरू नकोस रे, तंत्र आहे, ताकद कमी लागते. केव्हलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) दोघांची कनू साधारण १९-२० किलोची, ॲल्युमिनियमची तिसाच्या वर. पैसे थोडे जास्त पडले तरी केव्हलरच घे, पण तिला खडकावर घासू द्यायचं नाही. काठापासून जरा अलीकडेच, घोटाभर पाण्यात उतरायचं. बूट भिजणार, भिजू देत.

कनूच्या मधोमध आडवं जू असतं, त्याला खांद्यावर बसणाऱ्या दोन गाद्या. आधी कनू कडेवर उभी करून मांड्यांवर ओढून घे. एक हात जवळच्या काठावर, दुसरा जुवाच्या पलीकडे. मग गुडघ्यांनी झोका देऊन एका दमात डोक्यावरून उलटी फिरवायची. जू खांद्यावर टेकलं की नाक थोडं वर उचल, नाहीतर समोरची वाट दिसत नाही. उतरवताना हीच क्रिया उलटी, आणि पहिले काही वेळा जोडीदाराचा हात घे. पाठीला दुखापत होते ती उतरवतानाच.

नकाशात पोर्टेजची लांबी रॉडमध्ये असते. एक रॉड साडेसोळा फूट, ३२० रॉडचा मैल. सुरुवातीला ६०-८० रॉडच्या वर जाऊ नकोस. आणि वाटेत समोरून कनू डोक्यावर घेतलेला माणूस आला तर त्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला शिरस्ता.

एक इशारा. वारा. सकाळी काचेसारखं असलेलं तळं दुपारी दोन फुटी लाटा काढतं. मोठी तळी सकाळीच ओलांडा. लाइफ जॅकेट अंगात असू द्या, बुडाखाली नाही.

वऱ्हाडी_इंजिनियर

लेख चांगला आहे, पण एक बाजू राहिली असं वाटतं. मी चंद्रपूरकडचा, खाणीच्या गावात वाढलो. ईलीजवळ तांबं-निकेलचा मोठा साठा आहे. इलेक्ट्रिक गाड्या, विजेच्या तारा, सगळ्याला तांबं लागतं. ते कुठून तरी निघणारच. मग पगार देणारी खाण या गावाला का नको? पर्यटनात उन्हाळ्यापुरती कामं असतात, त्यावर तरुण जोडप्याचं घर उभं राहत नाही. गाव म्हातारं होतंय ते यामुळेच.

शागावाकाठी

तुमचा मुद्दा इथेही घराघरात मांडला जातो, आणि तो मांडणारी माणसं रानाची वैरी नाहीत. बहुतेकांचं बालपण याच तळ्यांवर मासे धरत गेलंय. शाळेतली पटसंख्या घटते, घरं उन्हाळी पाहुणे विकत घेतात, नर्सला भाड्याने खोली मिळत नाही. हे सगळं रोज दिसतं.

तरीही मी या खाणीच्या विरोधात आहे आणि कारण पाण्याचं आहे. जुन्या खाणींतलं लोखंड ऑक्साइडच्या रूपात होतं. हे तांबं-निकेल सल्फाइडच्या खडकात आहे. तो खडक फोडून हवा-पाण्यात उघडा ठेवला की त्यातून आम्ल तयार होऊ शकतं आणि त्याबरोबर धातू पाझरतात. ट्विन मेटल्स या कंपनीचा खाणप्रकल्प बर्च लेकच्या कडेला आखलेला आहे. बर्च लेकचं पाणी कविशिवी नदीने व्हाइट आयर्न, गार्डन, फॉल लेक असं करत थेट बाउंड्री वॉटर्समध्ये आणि पुढे कॅनडात जातं. एकदा बिघडलं तर अडवायचं कुठे? जंगली तांदूळही पाण्यातल्या सल्फेटने मरतो.

२०१९ मध्ये या कंपनीच्या लीज नव्या केल्या, २०२२ मध्ये रद्द केल्या, आणि २०२३ च्या जानेवारीत सुमारे २,२५,००० एकरांवर खाणकामाला २० वर्षांची बंदी जाहीर झाली. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की निर्णयही हलतो. अंगणांत दोन्ही बाजूंच्या पाट्या शेजारी-शेजारी दिसतील. पाहुण्यांना माझी विनंती एवढीच, की शहरातून येऊन इथल्या लोकांना निसर्गाचे धडे देऊ नका. जेवा इथे, सामान इथून घ्या, गाइड इथला घ्या.

वऱ्हाडी_इंजिनियर

पाण्याच्या दिशेचा मुद्दा मान्य. आमच्याकडे नदीचं काय झालं ते पाहिलंय. रोजगाराचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही, हे म्हणणं कायम ठेवतो.

शागावाकाठी

त्यात आपलं एकमत आहे.

जुना_पुणेकर

नमस्कार. मुलाकडे मिनियापोलिसला आलोय, वय ७४, सौं.चे गुडघे दुखतात. वल्हवणं आमच्याने होणार नाही. आम्ही यावं का?

शागावाकाठी

काका, जरूर या! तुम्ही दोघं आलात तर मला मनापासून आनंद होईल.

पहिलं म्हणजे सूदानची खाण. १९६२ साली बंद झाली, आता राज्य उद्यान आहे. पिंजऱ्यातून २,३४१ फूट खाली नेतात, मग छोट्या आगगाडीने बोगद्यात. खाली बाराही महिने १०-११ अंश, तेव्हा स्वेटर हवा. शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून जमिनीतून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण याच खाणीत ७३५ किलोमीटरवर टिपत असत. खाली उतरण्याची फेरी चालू आहे का, ते निघण्याआधी नक्की विचारा.

ईलीतलं इंटरनॅशनल वुल्फ सेंटर १९९३ पासून आहे. मोठ्या काचेपलीकडे लांडगे असतात, खुर्चीत बसून बघता येतं. अलास्का वगळता अमेरिकेतले लांडगे मारून संपवले गेले तेव्हा ते टिकले ते मुख्यतः मिनेसोटाच्या याच कोपऱ्यात.

आणि डॉरोथी मोल्टरचं घर चुकवू नका. शिकागोची ही नर्स नाइफ लेकच्या बेटावर पन्नासेक वर्षं राहिली, नंतरची बरीचशी एकटी. ना रस्ता, ना वीज. कनूवाल्यांना घरची रूट बिअर (बिनदारूचं गोड पेय) द्यायची, हिवाळ्यात तळ्यातून कापून ठेवलेल्या बर्फाने थंड केलेली. जखमी झालेल्यांना टाके, मलमपट्टी. १९६४ च्या कायद्यानंतर सरकारने तिला बाहेर काढायचं ठरवलं तेव्हा लोक तिच्या पाठीशी उभे राहिले आणि तिला हयातभर राहायची परवानगी मिळाली. १९८६ च्या डिसेंबरात ती बेटावरच गेली. नंतर स्वयंसेवकांनी तिच्या लाकडी खोल्या सुट्या केल्या, कुत्र्यांनी आणि स्नोमोबाइलने ओढलेल्या गाड्यांवरून बर्फावरून गावात आणल्या आणि परत उभ्या केल्या. ज्या गावाने १९७७ मध्ये तो पुतळा टांगला, त्याच गावाने ही घरंही जपली.

काकूंना पोतित्सा खायला घाला, स्लोव्हेनियन अक्रोडाचा पाव. (अंडं असतं त्यात, चालत नसेल तर आधीच सांगते.) माझ्या शेजारच्या आजी करतात तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुलाफुलांची चादर पसरतात. कणीक लाटून मग हातांच्या पाठीने चौफेर ओढतात, इतकी की खालची फुलं दिसायला हवीत. त्यावर अक्रोड, मध आणि सायीचं सारण. मग चादरीचं एक टोक उचललं की सगळं आपोआप गुंडाळत जातं. त्यांच्या आईने ही चादर-पद्धत खाणीतल्या नवऱ्यासाठी पाव करताना शिकवली. आजी मला कणकेला हात लावू देतात, पण चादर अजून त्याच उचलतात.

मंजिरी_स

हिवाळ्याचं कुणी लिहीलच ना? फेब्रुवारीत कुत्र्यांच्या गाडीत बसायची फार इच्छा आहे.

शागावाकाठी

मंजिरी, ये. फेब्रुवारीत हिवाळी उत्सव असतो, व्हाइटसाइड पार्कात बर्फाची शिल्पं कोरतात. कुत्र्यांच्या गाड्यांचा इथला नाद जुना आहे. ईलीचे विल स्टेगर १९८६ साली वाटेत रसद न घेता कुत्र्यांच्या गाड्यांनी उत्तर ध्रुवावर पोचले, त्यांच्या तुकडीत ध्रुवप्रवासी ॲन बॅनक्रॉफ्ट होत्या. पट्टे बांधताना सगळे कुत्रे इतकं भुंकतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गाडीचा नांगर उचलला की एकदम चिडीचूप, फक्त पायांचा आणि लाकडाचा आवाज.

थंडी हलक्यात घेऊ नकोस. जवळच्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ सेल्सिअस नोंदलं गेलं, मिनेसोटातला तो नीचांक आहे. एरवी उणे २५-३० ची सकाळ म्हणजे नेहमीचीच. रात्री गाडीचं इंजिन विजेच्या हीटरला जोडून ठेवतात. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. नवीन आलेल्याला पहिला हिवाळा जड जातो, मलाही गेला. लोक घरात कोंडून घेत नाहीत म्हणून निभावतो. गोठलेल्या तळ्यावर छोटी झोपडी ओढून नेऊन भोकातून मासे धरतात, स्कीइंग करतात, आणि शनिवारी फिनिश शेजाऱ्यांचा सौना (वाफेची गरम खोली) पेटतो. तिथे बोलावलं तर नाही म्हणू नकोस.

सुती कपडे अजिबात नकोत, लोकर घाल. बूट एक माप मोठे, आत दोन जोड मोजे.

चकली

लेक वनचा २७ ऑगस्टचा परवाना मिळाला! २६ ला दुपारी पोचतोय. मुलगी आत्तापासून कनूची चित्रं काढतेय. गावात अर्धा दिवस आहे, काय करू?

शागावाकाठी

मस्त! आधी परवाना घ्या, कार्यालय संध्याकाळी बंद होतं. तिथे नियमांची चित्रफीत दाखवतात, मुलांनाही बसवा. मग डॉरोथीचं घर, आणि उजेड असेपर्यंत ट्रेझोना ट्रेलवर पायोनियरच्या मनोऱ्यापर्यंत. कनू त्याच संध्याकाळी दुकानातून बघून ठेवा, मुलांची लाइफ जॅकेटं अंगावर घालून मापाची आहेत ना तपासा, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर सरकता कामा नये. व्यनि करते, माझ्याकडे जेवायलाच या. मुलांना सकाळी नेण्यासाठी गूळपोळ्या करून ठेवते.